गुरुसदय दत्त : बदलीच्या गावी सापडलेले धन

भाद्रपद सरून आश्विनाचे आकाश निवळले, रुळांच्या कडेला काशाचे पांढरे तुरे डोलू लागले, की सियालदह स्टेशनाबाहेर ढाकींची गर्दी जमते. बीरभूम, बाँकुडा, मुर्शिदाबादकडील ही खेडूत मंडळी पिसांचे झुबके लावलेले भले थोरले ढाक खांद्याला अडकवून आणि कांस्याची थाळी वाजविणारे एखादे पोर सोबतीला घेऊन पूजेच्या सुपारीची वाट पाहत उभी असतात. कचेरी गाठण्याच्या घाईत असलेला माणूसही त्या नादापाशी घटकाभर थबकतो. अशा वेळी मला नेहमी स्मरण होते ते एका सनदी अधिकाऱ्याचे. बालीगंजमधील गुरुसदय रोड आपल्या मंडळाच्या सभासदांना बिर्ला संग्रहालयामुळे ठाऊक आहे. मुलाबाळांना घेऊन तेथे कोण गेले नसेल? पण ज्यांचे नाव त्या रस्त्याला दिले आहे ते गुरुसदय दत्त कोण, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असावे.

त्यांचा जन्म १० मे १८८२ रोजी सिल्हेट जिल्ह्यातील बिरश्री या गावी एका जमीनदार कुटुंबात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. वडील आणि आई दोघांचेही छत्र लहानपणीच हरपले. १९०१ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते एफ. ए. च्या परीक्षेत पहिले आले व शिंदे सरकारांच्या नावाचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. ग्वाल्हेरचे नाव येथे अवचित भेटते, म्हणून हा उल्लेख. पुढे इंग्लंडला जाऊन ते आय. सी. एस. झाले आणि १९०५ मध्ये नोकरीत रुजू झाले.

पुढील वर्षी सरोजनलिनी देवींशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या बदलीच्या गावी केवळ साहेबांची पत्नी म्हणून मिरविण्यात या बाईंना गोडी नव्हती. गावोगावच्या स्त्रियांना एकत्र आणून त्यांनी महिला समित्या काढल्या. १९२५ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. गुरुसदयबाबूंनी त्याच वर्षी त्यांच्या नावाने नारीमंगल समिती स्थापन केली, त्यांचे चरित्रही लिहिले. त्या चरित्राला रवींद्रनाथांची प्रस्तावना आहे. खेड्यातील स्त्रीच्या हातातले कसब पाहण्याची दृष्टी त्यांना पत्नीकडून मिळाली, असे माझे मत आहे.

अधिकारी म्हणून ते वरिष्ठांना सोयीचे नव्हते. १९२८ मध्ये हावड्यास जिल्हादंडाधिकारी असताना रेल्वे कामगारांवर झालेल्या गोळीबाराबद्दल त्यांनी पोलिसांना दोषी ठरविले. मग मयमनसिंहला बदली झाली. १९३० मध्ये तेथे मिठाच्या सत्याग्रहींवर बळ वापरण्याचे त्यांनी नाकारले. मग बीरभूमला बदली झाली. ज्याने आयुष्यभर बदलीचे हुकूम उघडले आहेत त्याला या दोन वाक्यांतील अर्थ उलगडून सांगावयास नको. परंतु नवल असे, की शिक्षेच्या याच दोन ठिकाणी त्यांना आपले खरे धन सापडले. मयमनसिंहच्या मुसलमान शेतकऱ्यांचे करबलाच्या शोककथेवरील जारी नृत्य पाहून ते हरखून गेले. लोकनृत्याचे पुनरुज्जीवन इंग्लंडात कसे चालले आहे, हे त्यांना ठाऊक होतेच.

बीरभूमचे नाव निघाले, की आपणा मराठी माणसांना जरा संकोच वाटतो. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा याच मुलखात फिरल्या. १७४२ च्या शरदात भास्करराम कोल्हटकरांनी जवळच काटव्याकडे मांडलेली दुर्गापूजा अलिवर्दीखानाच्या छाप्यामुळे अर्धवट राहिली. त्या बर्गींची धास्ती बंगाली अंगाईगीतात अजून जिवंत आहे. दप्तरे वाळवीने खाल्ली तरी बायकांच्या ओठांवरची गाणी टिकतात, ती अशी.

याच बीरभूममध्ये दत्तांनी रायबेंशे नृत्य पाहिले. बाउरी, बागदी, डोम अशा तळच्या जातींतील पुरुष घागरे नेसून लग्नाच्या वरातीत नाचत. सुशिक्षितांना ते हिणकस वाटे. दत्तांनी ती पावले निरखून पाहिली आणि त्यांना दिसले, की ही धनुष्य ताणण्याची, भाला फेकण्याची, घोडा दौडविण्याची चाल आहे. हे तर लढवय्यांचे नृत्य! उजव्या पायात पितळी नूपुर आणि ढोलाच्या तालावर निधड्या छातीने टाकलेली उडी हे त्याचे मूळ रूप त्यांनी पुन्हा उभे केले आणि स्वतः कलेक्टर असूनही त्या मंडळींत मिसळून नाचले. भद्रलोकांत त्यांची टवाळी झाली. त्यांनी ती मनावर घेतली नाही.

दौऱ्यावर गेले, की सारा-वसुलीचे काम संपवून ते पटुव्यांच्या वस्तीत जात. हे पटुवे म्हणजे आपल्या पिंगुळीच्या चित्रकथ्यांचे भाऊबंदच. कागदी पट उलगडत ते देवादिकांच्या कथा गातात; पुष्कळ जण धर्माने मुसलमान असूनही राम-कृष्णाची पदे त्यांना मुखोद्गत. दत्तांनी ती गाणी टिपून घेतली. कलकत्ता विद्यापीठाने १९३९ मध्ये ती ‘पटुआ संगीत’ या नावाने प्रसिद्ध केली. कोजागरीला आपण आटीव दूध पितो. बंगालात त्या रात्री लक्ष्मी पूजतात, आणि त्यासाठी कुंभार-चित्रकार मातीच्या झाकणीवर जी लक्ष्मी रंगवितात ती ‘सरा’ सण झाल्यावर विसर्जित होते. असल्या क्षणभंगुर वस्तू जपून ठेवण्याजोग्या आहेत, हे ओळखणाऱ्यांत दत्त अग्रणी होते.

१९३२ मध्ये त्यांनी व्रतचारी चळवळ सुरू केली. ज्ञान, श्रम, सत्य, ऐक्य व आनंद ही तिची पाच व्रते. गाणे म्हणत कुदळ चालवावी, तळ्यातील जलपर्णी उपसावी आणि मग नाचावे, असा तो कार्यक्रम होता. तिच्या नियमांच्या लांबलचक याद्या वाचताना मात्र त्या काळच्या कवायती वृत्तीची छाप जाणवते. आनंदाचीही शपथ घ्यावी लागावी, हे मला काहीसे विचित्र वाटते.

अखेरीस कलकत्त्याच्या दक्षिणेस जोका येथे त्यांनी सुमारे शंभर बिघे जमीन घेतली. मात्र २५ जून १९४१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तूंचे संग्रहालय त्याच जागी १९६३ मध्ये खुले झाले. त्यातील माझ्या मनात घर करून राहिलेली वस्तू म्हणजे मानदासुंदरी दासी या खुलन्याकडील स्त्रीने एकोणिसाव्या शतकात शिवलेला कांथा. कांथा म्हणजे आपल्या गोधडीची बहीणच. जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून त्यावर काठांतून उसविलेल्या दोऱ्याने चित्रे भरावयाची. मानदासुंदरीने तो वडिलांसाठी स्वहस्ते केला आणि तसे त्यावर टाक्यांनी लिहूनही ठेवले. शिपाई आहेत, घोडे आहेत, देव आहेत. आणि या गर्दीत एका लेकीची अक्षरे आहेत.

१९८४ पासून हे संग्रहालय केंद्र सरकारच्या अनुदानावर चालत होते. २०१७ मध्ये ते अनुदान थांबले, कर्मचाऱ्यांचे वेतन अडले. अनुदानाच्या फाइलीवर शेरा लिहिणारा कोणी माझ्यासारखाच अधिकारी असणार. त्याने जोक्याला जाऊन तो कांथा पाहिला होता का, एवढाच प्रश्न माझ्या मनात आला. ती बातमी वाचली त्या दिवशी घरी येऊन मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली आजीची गोधडी बाहेर काढली आणि गच्चीवर उन्हात घातली.