भोकं पाडणारा इंजिनिअर

अ‍ॅडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनीच दाखल्यांसाठी पळापळ केली आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर... कुणाचं काम एका फेरीत झालं, तर कुणाच्या वडिलांना शेतातली कामं टाकून तालुक्याला चार चकरा माराव्या लागल्या. आता यातलं बरंचसं ऑनलाइन होतं. सरकारदरबारी आपली माहिती यंत्राने वाचली जाते, हे आपण इतकं गृहीत धरलंय की याची सुरुवात कुणी केली असेल हा प्रश्नसुद्धा कधी मनात येत नाही.

माझ्या मनात तो आला लायब्ररीतल्या एका जुन्या फोरट्रानच्या पुस्तकामुळे. त्यात अक्षरं छापायची असतील तर आधी अक्षरांची संख्या आणि मग ‘एच’ लिहायचं, असा नियम होता. हा एच कशाचा? तर हॉलरिथचा! कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या एका इंजिनिअरचं नाव भाषेच्या व्याकरणात जाऊन बसलेलं. मग उत्सुकता वाढली आणि मिळेल ते वाचत गेलो. ही त्याचीच गोष्ट.

हर्मन हॉलरिथचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० चा, अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. म्हणजे वाढदिवसाची पार्टी चार वर्षांतून एकदाच! आई-वडील जर्मनीहून येऊन तिथे स्थायिक झालेले. हर्मन लहान असतानाच वडील गेले. पोरगा हुशार, पण स्पेलिंगच्या नावाने बोंब. स्पेलिंगचा तास चुकवायला त्याने एकदा वर्गाच्या खिडकीतून उडी मारली, असं सांगतात. शेवटी शाळा सुटली आणि पुढचं शिक्षण घरीच शिकवणी लावून झालं. अक्षरांशी असं वाकडं असलेल्या या मुलाने पुढे अक्षरांऐवजी भोकांनी लिहायची पद्धत काढावी, ही मोठी गंमतच म्हणायची.

कोलंबियाच्या स्कूल ऑफ माइन्समधून १८७९ मध्ये तो इंजिनिअर झाला, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. डिग्री मिळाली, आता नोकरीचं काय? हा प्रश्न तेव्हाही होताच. त्याला तारलं ट्रोब्रिज सरांनी. सरांकडे १८८० च्या जनगणनेचं काही काम होतं. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला सोबत घेतलं आणि हॉलरिथ वॉशिंग्टनच्या जनगणना कचेरीत दाखल झाला.

तिथे त्याने जे पाहिलं ते भयंकर होतं. अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या वर गेली होती. घरोघरी भरलेले मोठमोठे कागद कचेरीत येऊन पडायचे आणि शेकडो कारकून ते वाचून तक्त्यांवर रेघा मारायचे. चार उभ्या, एक आडवी, झाले पाच. एका राज्यात शेतकरी किती, हे मोजून झालं की त्यातले परदेशात जन्मलेले किती हे काढायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! १८८० च्या जनगणनेचं हे काम सात-आठ वर्षं रेंगाळलं. लोकसंख्या तर वाढतच होती. असंच चालू राहिलं असतं तर एक जनगणना मोजून होण्याआधी दुसरी येऊन ठेपली असती. त्यात अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार कुठल्या राज्याला संसदेत किती जागा हे दर दहा वर्षांच्या मोजणीवर ठरतं. आकडे शिळे म्हणजे लोकांचं प्रतिनिधित्वही शिळं.

कचेरीत डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज नावाचे मोठे अधिकारी होते. जन्म-मृत्यू आणि रोगराईची आकडेवारी त्यांच्याकडे होती. एकदा जेवताना त्यांनी हॉलरिथजवळ सहज विषय काढला की हे मोजायचं काम निव्वळ यांत्रिक आहे, तर त्यासाठी एखादं यंत्र का असू नये? डॉक्टर बोलून मोकळे झाले, पण हॉलरिथच्या डोक्यात तो किडा शिरला तो कायमचाच.

१८८२ मध्ये तो एमआयटीत शिकवायला गेला. शिकवण्यात मन रमेना, वर्षभरात ती नोकरी सोडली. (आपल्या सरांनी हे वाक्य मनावर घेऊ नये!) मग रेल्वेच्या ब्रेकवर काम, मग पेटंट ऑफिसात नोकरी. पेटंट ऑफिसात त्याला एक मोठी गोष्ट कळली. नुसती कल्पना सुचून भागत नाही, ती कागदावर पक्की करून आपल्या नावावर करावी लागते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्याने आपल्या यंत्राच्या पेटंटसाठी पहिला अर्ज टाकला.

सुरुवातीला त्याने कागदाची लांबलचक पट्टी वापरायचं ठरवलं होतं. एकेका माणसाची माहिती एकापुढे एक भोकं पाडून नोंदवायची. पण अडचण अशी की पट्टीतला एखादाच माणूस हवा असेल तर सगळी पट्टी फिरवावी लागे. कॅसेटवरचं चौथं गाणं ऐकण्यासाठी टेप पुढे पळवायचो, तसंच! शिवाय पट्टीतली माणसं वेगळी करून पुन्हा लावता येत नाहीत. उपाय सुचला तो रेल्वेच्या प्रवासात. त्या काळी काही गाड्यांत कंडक्टर तिकिटाच्या कडेला पंच मारून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचे, जसं केस फिके, डोळे काळे, नाक मोठं. हेतू हा की एकाच्या तिकिटावर दुसऱ्याने प्रवास करू नये. हॉलरिथला वाटलं, आपणही हेच करावं. एक माणूस, एक कार्ड!

पहिली मोठी चाचणी झाली बाल्टिमोर शहरात, मृत्यूंच्या नोंदींवर. कुठल्या वयाची, कुठल्या धंद्यातली माणसं कोणत्या रोगाने दगावतात, हे शहराच्या आरोग्य खात्याला वेळेत कळलं तरच त्याचा उपयोग. कार्डांना भोकं पाडायला हॉलरिथकडे कंडक्टरचाच हातपंच होता. हजारो कार्डं पंच करता करता हात असा भरून आला की हे कारकुनांना रोज करायला लावणं शक्य नाही, हे त्याला स्वतःच्या हाताने पटलं. शिवाय तो पंच कार्डाच्या कडेपुरताच पोहोचायचा, मधली जागा वाया. मग त्याने नवा पंच बनवला. समोरच्या पाटीवर ठरलेल्या जागी दांडी टेकवली की मागे कार्डावर नेमक्या जागी भोक पडे. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा धडा इथेच आहे. त्याने कारकुनाचं काम आधी स्वतः करून पाहिलं.

आता यंत्र कसं चालायचं ते बघू. कार्ड एका साच्यात ठेवून वरचं हँडल खाली ओढायचं. हँडलखाली स्प्रिंगवर बसवलेल्या पिनांची फौज. जिथे भोक नाही तिथे पिन कार्डाला अडून मागे सरते. जिथे भोक आहे तिथे ती आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडते, सर्किट पूर्ण होतं आणि समोरच्या घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकतो. त्याच वेळी घंटी वाजते आणि शेजारच्या पेटीतल्या एका खणाचं झाकण आपोआप उघडतं. कार्ड त्या खणात टाकायचं, की पुढचं कार्ड. घंटी वाजली नाही तर समजायचं, कार्डात काहीतरी गडबड आहे. रिले जोडून दोन-तीन गोष्टी एकत्रही मोजता यायच्या, उदाहरणार्थ परदेशात जन्मलेले आणि शेती करणारे. आपण सेकंड इयरला जे अँड गेट शिकतो तेच हे, फक्त १८९० सालचं. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांची ही भाषा!

१८८९ मध्ये जनगणना खात्याने स्पर्धा घेतली. सेंट लुइस शहरातल्या जुन्या नोंदी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजायच्या होत्या. नोंदी उतरवून घ्यायला इतर दोघांना सुमारे १४४ आणि १११ तास लागले, हॉलरिथला साडेबहात्तर. नंतरच्या मोजणीत इतर दोघांना सुमारे ४५ आणि ५५ तास, आणि हॉलरिथला साडेपाच! वेगळ्या निकालाची गरजच उरली नाही.

१८९० ची जनगणना त्याच्या यंत्रांवर झाली. अवघ्या सहा आठवड्यांत देशाची ढोबळ लोकसंख्या हाती आली, सुमारे ६ कोटी २६ लाख. सविस्तर तक्ते पुढची काही वर्षं निघत राहिले, पण प्रश्न आधीपेक्षा कितीतरी जास्त बारकाईने विचारता आले. आणि लोकांची प्रतिक्रिया काय? नाराजी! देश याहून मोठा असणार अशी अनेकांची खात्री होती, म्हणून वर्तमानपत्रांनी दोष दिला यंत्राला. कचेरीतही सगळे खूश नव्हते. कंटाळलेला एखादा कर्मचारी वाटीतला पारा काढून टाकायचा आणि यंत्र बंद पडलं की सगळ्यांना तेवढीच विश्रांती, असा किस्सा सांगतात. प्रॅक्टिकलला लाइट गेल्यावर आपण टाळ्या वाजवतो, त्यातलाच प्रकार.

त्याच वर्षी कोलंबियाने त्याला डॉक्टरेट दिली, त्याच वर्षी लग्नही झालं. ऑस्ट्रिया, कॅनडा आणि १८९७ मध्ये रशियाच्या अवाढव्य साम्राज्याची जनगणना त्याच्या यंत्रांवर झाली. १८९६ मध्ये त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. रेल्वे कंपन्या मालवाहतुकीचे हिशोब त्याच्या कार्डांवर करू लागल्या.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढे ती वळण घेते. हॉलरिथ यंत्रं विकत नसे, भाड्याने देई. अटी त्याच्या, दर त्याचे. १९०० ची जनगणनाही त्यानेच केली. पण पुढे जनगणना खात्याचे नवे संचालक सायमन नॉर्थ यांना हे भाडं फार वाटू लागलं. देशाची मोजणी एकाच माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहावी का, हा प्रश्न होताच. हॉलरिथ स्वभावाने हट्टी. तडजोड झाली नाही आणि १९०५ मध्ये करार संपला. खात्याने स्वतःची कार्यशाळा काढली आणि जेम्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने तिथे नवी यंत्रं बनवली. १९१० ची जनगणना हॉलरिथशिवाय झाली. तो कोर्टात गेला, पण हरला. ज्या कचेरीतल्या कारकुनांचा त्रास बघून त्याने यंत्र शोधलं, तिच्याशीच शेवटी कोर्टकचेरी!

१९११ मध्ये त्याने कंपनी विकली. ती आणखी काही कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये त्या एकत्रित कंपनीचं नाव झालं आयबीएम. होय, तीच! हॉलरिथ काही वर्षं सल्लागार राहिला, मग बोटी आणि शेतावरच्या गाई यांत रमला. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये हृदयविकाराने तो वारला.

त्याची कार्डं मात्र पुढे चालत राहिली. १९३० च्या दशकात अमेरिकेने सोशल सिक्युरिटी सुरू केली. कोट्यवधी कामगारांच्या म्हातारपणाच्या पेन्शनचा हिशोब अशाच कार्डांवर ठेवला गेला. नाव-गाव माहीत नसलेल्या मजुराचाही पगार आणि हक्क सरकारच्या लक्षात राहू लागला. पण त्याच दशकात, १९३३ मध्ये, नाझी राजवटीत जर्मनीच्या जनगणनेत ज्यूंची वेगळी मोजणीही याच पद्धतीच्या यंत्रांवर झाली. पुढे काय घडलं ते जगाला माहीत आहे. अमेरिकेतही १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवताना कुठल्या भागात ते किती राहतात, हे जनगणनेच्या आकड्यांवरून काढलं गेलं. भोक तेच, पिन तीच. फरक फक्त विचारणाऱ्याच्या हेतूत.

या गोष्टीतला एक तपशील मला अजूनही अस्वस्थ करतो. १८९० च्या जनगणनेचे मूळ कागद, ज्यांवर प्रत्येकाचं नाव, वय, घर लिहिलं होतं, ते वॉशिंग्टनमध्ये एका इमारतीच्या तळघरात पडून होते. जानेवारी १९२१ मध्ये तिथे आग लागली. काही जळाले, काही पाण्याने भिजून खराब झाले आणि उरलेसुरले पुढे नष्ट करण्यात आले. आज अमेरिकेतल्या कुणाला त्या वर्षी आपले पणजोबा कुठे राहत होते हे शोधायचं असेल तर बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. यंत्राने काढलेल्या बेरजा शिल्लक राहिल्या, माणसांची नावं गेली.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या कुठल्या ना कुठल्या सरकारी प्रोजेक्टवर काम करतील. रेशनचं सॉफ्टवेअर असेल, शिष्यवृत्तीचं पोर्टल असेल, जमिनीचे उतारे असतील. स्क्रीनवर आपल्याला दिसतील फक्त ओळी आणि रकाने. त्या वेळी दोन गोष्टी आठवाव्यात. बाल्टिमोरमध्ये स्वतः पंच मारून दुखावलेला तो हात, आणि तळघरात भिजलेले ते कागद. एका रकान्यात चूक झाली तर आपल्यासाठी तो फक्त एक एरर असतो. पण तालुक्याला पाचवी चकर कुणाच्या तरी वडिलांना मारावी लागते.