चलच्चित्रांचे आद्य उपासक : कै. सावेदादा भाटवडेकर

दादासाहेब फाळके यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. १९१३ सालच्या मे महिन्यात गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला आणि या देशातील चित्रपटधंद्याचा पाया घातला गेला. तथापि त्या मुहूर्तापूर्वी चौदा वर्षे, याच मुंबई शहरात एका मराठी गृहस्थाने हलती चित्रे टिपणारे यंत्र स्वतःच्या पैशाने आणविले आणि आपल्या भोवतीचे साधे लोकजीवन त्यात उतरवून घेतले, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. योगायोग असा की, त्या गृहस्थाचे नावही हरिश्चंद्रच होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे ते गृहस्थ होत.

सावेदादा कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोरांचीच चरित्रे यावीत असा प्रघात आहे, व तो योग्यही आहे. परंतु काही माणसांची कामगिरीच अशी असते की तिच्यापासून सर्व ज्ञातींनी बोध घ्यावा. सावेदादांचे चरित्र आम्ही त्याच हेतूने आमच्या ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः तरुणांपुढे ठेवीत आहो.

सावेदादांचा जन्म १५ मार्च १८६८ रोजी झाला. छायाचित्रणकला मुंबईत त्यापूर्वीच येऊन पोहोचली होती. १८५४ साली येथे छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तीत रस घेत होते. म्हणजे सावेदादा जन्मले तेव्हा काचेवर प्रकाशाने चित्र उमटते हे नवल मुंबईकरांच्या अंगवळणी पडू लागले होते. मोठेपणी सावेदादांनी हीच कला आपलीशी केली व छायाचित्रकार म्हणून व्यवसाय मांडला. समोर बसलेल्या मनुष्याची मुद्रा, त्यावरील ऊन-सावली आणि काचेवर उमटणारी प्रतिमा यांचा मेळ घालण्याची दृष्टी त्यांस या व्यवसायाने दिली. पुढील सर्व कार्यास हीच दृष्टी उपयोगी पडली.

१८९५ सालच्या २८ डिसेंबरला पॅरिस येथे ऑगस्त व लुई ल्युमिएर या बंधूंनी तिकीट लावून हलत्या चित्रांचा खेळ केला. हे बंधूही छायाचित्रकाराचेच पुत्र; लिऑन शहरी त्यांचा छायाचित्रणाच्या काचा बनविण्याचा कारखाना होता. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, म्हणजे ७ जुलै १८९६ रोजी, त्यांचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए याने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तोच खेळ करून दाखविला. काळा घोडा भागातील ही इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने प्रसिद्ध झाली. प्रवेशमूल्य होते एक रुपया. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात होऊ लागले व तेथे चार आण्यांचीही सोय झाली, तेव्हा सामान्य जनांनाही ते पाहावयास मिळाले.

या पहिल्या खेळांत दाखविले काय? राजेरजवाडे नव्हेत, युद्धे नव्हेत, पुराणेही नव्हेत. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामकरी, स्थानकात येणारी आगगाडी, समुद्रात डुंबणारी मंडळी, पाडली जाणारी एक भिंत — असलीच ती चित्रे होती. प्रत्येक चित्र एक मिनिटही पुरत नसे. प्रेक्षक आश्चर्याने थक्क झाले, खेळ संपताच घरी गेले आणि पुढे चार दिवस त्याच गोष्टी बोलत राहिले. सावेदादाही या आरंभीच्या खेळांच्या प्रेक्षकांत होते. त्यांचे वय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. इतरांस ते नवल पाहून समाधान झाले, सावेदादांस ते झाले नाही. फ्रान्सातील कामकऱ्यांचे चालणे पडद्यावर येऊ शकते, तर आमच्या मुंबईच्या माणसांचे का येऊ नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. आमच्या मते सावेदादांचे सगळे मोठेपण या एका विचारात साठविलेले आहे.

त्यांनी लंडनहून कॅमेरा मागविला. त्याची किंमत एकवीस गिनी पडली. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या काळी हुंडणावळीचा भाव रुपयास सोळा पेन्स, म्हणजे एक शिलिंग चार पेन्स, असा धरला तर ही रक्कम सुमारे ३३० रुपये होते. ज्या काळी लहानसा कारकून महिना पंधरा-वीस रुपयांत संसार चालवीत असे, त्या काळचे हे ३३० रुपये होत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आणि यापासून दिडकीची प्राप्ती होईल अशी हमी कोणी दिली होती? या देशात अशा यंत्राने कोणी पैसा मिळविल्याचे उदाहरणच नव्हते. पोटाचा धंदा स्थिरचित्रांचा होता. हलत्या चित्रांचा नाद मात्र निव्वळ हौसेचा होता.

हे यंत्र चालत कसे, हे सांगितल्याखेरीज त्या हौसेची किंमत कळणार नाही. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांस हाताने फिरवावयाचा दांडा असे. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे टिपली जात, आणि सेकंदास दोन फेरे या बेताने तो फिरवावा लागे. हात जलद झाला तर पडद्यावरील माणसे गोगलगाईसारखी चालत आणि मंद झाला तर ती धावत सुटत. फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावत. म्हणजे पन्नास फूट फीत पन्नास सेकंदांत संपे. तेवढ्यात काय टिपावयाचे ते आधीच ठरवावे लागे. पुन्हा, टिपलेली फीत येथे धुण्याची सोय नसल्याने ती आगबोटीने लंडनला पाठवावी लागे. चित्र साधले की बिघडले, हे कळण्यास कित्येक आठवडे थांबावे लागे. आज बोट लावताच चित्र पाहावयास मिळते; त्या उतावीळ दिवसांत ही सबुरी कल्पनेतही आणणे कठीण आहे.

१८९९ साली सावेदादांनी पहिले चित्र घेतले. मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती झाली, तिचे ते चित्रण होते. एका भारतीयाने घेतलेले पहिले चलच्चित्र म्हणून या कुस्तीचा उल्लेख इतिहासकार करतात. त्याच वर्षी त्यांनी माकडांना खेळ शिकविणाऱ्या एका माणसाचे चित्र घेतले. पुढे १९०१ साली पारशी बांधवांच्या आतश बेहराम या अग्निमंदिरासंबंधीचे चित्र त्यांनी टिपले. परदेशातून आलेल्या चित्रांबरोबर आपलीही चित्रे ते लोकांस दाखवीत असत.

या विषयांकडे पाहावे. तालमीतले मल्ल, माकडांचा खेळ, शहरातील एक देवस्थान. मुंबईच्या कोणाही रहिवाशाने रोज पाहावी आणि पाहून विसरावी अशी ही दृश्ये. ती घेणाऱ्याजवळ पडदे, पोशाख, नटनट्या काहीच नव्हते. होती ती फक्त पाहण्याची आवड. येथे एका गोष्टीचे स्मरण दिले पाहिजे. १८९६ सालच्या सप्टेंबरात, म्हणजे वॉटसन हॉटेलातील त्या खेळानंतर दोनच महिन्यांनी, मुंबईत प्लेगने प्रवेश केला व पुढील कित्येक वर्षे तो हटला नाही. घरेच्या घरे ओस पडली, माणसे गाव सोडून पळाली. त्या साथीत जी हजारो माणसे गेली, त्यांपैकी बहुतेकांची एकही प्रतिमा मागे उरलेली नाही. त्याच शहरात, त्याच वर्षांत, सावेदादा जित्याजागत्या माणसांची हालचाल फितीवर धरून ठेवीत होते. माणसाच्या क्षणभंगुर आयुष्यातील एखादा क्षण का होईना, पण तो राखावा, असे वाटणे म्हणजे रिकामपणचा उद्योग नव्हे.

१९०१ सालच्या डिसेंबरात त्यांच्या हातून एक मोठे काम झाले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले होते. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचे थाटाने स्वागत झाले आणि सावेदादांनी ते आपल्या यंत्रात टिपले. ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद सर मंचेरजी भावनगरी यांच्या आगमनाचेही चित्र त्यांनी याच सुमारास घेतले. घडलेल्या घटनेचे जसेच्या तसे चित्र लोकांस दाखविणे, म्हणजे ज्यास पुढे वार्तापट म्हणू लागले, त्याचा आपल्या देशातील आरंभ परांजप्यांच्या स्वागताच्या या चित्रापासून मानला जातो. एका विद्यार्थ्याने गणितात यश मिळविले, म्हणून त्याचे चित्र घ्यावेसे वाटावे, ही गोष्ट आमच्यासारख्या शिक्षकाच्या पेशात जन्म घालविलेल्यांस विशेष गोड वाटते. १९०३ साली लॉर्ड कर्झनने दिल्लीस भरविलेल्या दरबाराचे चित्रणही सावेदादांच्या नावावर आहे.

यानंतर मात्र त्यांनी हा नाद आवरता घेतला. १९०७ च्या सुमारास त्यांनी आपली साधने विकून टाकली. पुढे मुंबईच्या गेइटी नाटकगृहाची व्यवस्था त्यांनी पाहिली. हेच गृह नंतर कॅपिटॉल नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांस दीर्घायुष्य लाभले. फाळक्यांचा मूकपट, १९३१ सालचा 'आलम आरा' हा पहिला बोलपट, हौशी लोकांसाठी निघालेले लहान कॅमेरे, रंगीत चित्रे, हे सर्व त्यांच्या हयातीत झाले. २० फेब्रुवारी १९५८ रोजी, नव्वदावे वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस राहिले असता, ते निवर्तले.

आता खेदाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सावेदादांनी घेतलेल्या चित्रांपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची फीत ज्या पदार्थाची असे, तो विलक्षण ज्वालाग्राही. न जळला तरी काळाने चिकट होऊन शेवटी त्याची भुकटी होते. कलकत्त्यास हिरालाल सेन यांनी सावेदादांप्रमाणेच आरंभकाळी पुष्कळ चित्रे घेतली. ती १९१७ साली आगीत भस्म झाली. जुन्या चित्रपटांच्या रक्षणासाठी पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, म्हणजे सावेदादांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. उलट, ल्युमिएर बंधूंच्या कारखान्यातून बाहेर पडणारे ते कामकरी आजही पडद्यावर चालताना दिसतात. कामकरी इतिहासप्रसिद्ध नव्हते. आमचे दोन मल्लही नव्हते. फरक एवढाच की, एकांची फीत कोणी सांभाळली, दुसऱ्यांची सांभाळली गेली नाही. सावेदादांची कीर्ती आज टिकून आहे ती चित्रांमुळे नव्हे, तर कोणी लिहून ठेवले म्हणून. त्या मल्लांची नावे आपणांस ठाऊक आहेत, तीही लिहिली गेली म्हणूनच.

या चरित्रापासून आमच्या ज्ञातीने घ्यावयाचा बोध याच ठिकाणी आहे. एकेकाळी ३३० रुपये मोजून मागवावे लागलेले सामर्थ्य आज प्रत्येक तरुणाच्या खिशातील भ्रमणध्वनीत आहे. लग्नकार्ये, सहली, तीर्थयात्रा यांची चित्रे घरोघर हजारोंनी निघतात. ती काढू नयेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु आजीच्या हातचे वाळवण, वडिलांच्या दुकानातील तागडी, गावच्या घराची पडवी, यांकडे किती जणांचा कॅमेरा वळतो? आणि ज्या वळतात, त्या चित्रांतील माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते, हे किती जण लिहून ठेवतात? आपल्या कितीतरी घरांतील जुन्या तसबिरींतील मंडळी आज निनावी झाली आहेत. मधोमध खुर्चीवर बसलेला पुरुष पणजोबा की त्यांचे बंधू, हे सांगणारे मनुष्य उरलेले नाही. वंशावळीत नाव आहे व भिंतीवर मुद्रा आहे. दोहोंची गाठ मात्र पडत नाही. फीत भुकटी झाल्यावर जे होते, तेच येथे निराळ्या रीतीने झाले आहे.

म्हणून तरुणांस आमचे सांगणे एवढेच आहे. या दिवाळीत घरी जाल तेव्हा घरातील जुन्या तसबिरी खाली काढा, वृद्धांपुढे ठेवा आणि ते सांगतील ती नावे पेन्सिलीने पाठीमागे लिहा. बोलता बोलता त्यांचे हलते चित्रही घ्या. चेहरा आणि आवाज दोन्ही राहतील. घेतलेल्या चित्रांतून निवडक बाजूला काढून नाव, गाव व तारीख यांसह ती दोन ठिकाणी जपून ठेवा. यास ना एकवीस गिनी लागतात, ना लंडनची वाट पाहावी लागते. सावेदादांपाशी होती ती पाहण्याची आवड, आणि त्यांच्या चित्रांस जी लाभली नाही ती जपणूक, एवढ्या दोनच गोष्टी लागतात. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे, हे ध्यानात घेऊन ज्ञातिबांधवांनी त्यास विलंब लावू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.