लक्ष्मीबाई टिळक : दोन चुलींचे एक घर

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत आमच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी मराठी कुटुंबांची घरप्रार्थना असते. शिंदे सरकारांच्या काळापासून या शहरात मराठी माणसे नांदत आली आहेत. आमच्यासारखी नोकरीनिमित्त आलेली चार ख्रिस्ती घरेही त्यांत आहेत. गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी आमचा विषय क्षमा हा होता. उधळ्या पुत्राचा दाखला वाचून झाला, आम्ही आमच्या परीने चार शब्द बोललो, आणि शेवटची प्रार्थना करणार इतक्यात शब्बाथ शाळेत जाणाऱ्या एका मुलीने एक प्रश्न विचारला. ती म्हणाली की, चूक पुत्राची होती म्हणून बापाने त्याला क्षमा केली, हे समजले. पण दोघांनाही आपलेच खरे वाटत असेल, तर क्षमा कोणी कोणाची करायची?

खोलीत कोणी काही बोलले नाही. कारण त्याच खोलीत दोन सख्खे भाऊ खोलीच्या दोन टोकांना बसले होते. वडिलांच्या मागे घराच्या वाटणीवरून त्यांच्यात बिनसले, ते आठ वर्षे तसेच आहे. प्रभूपुढे दोघेही गुडघे टेकतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. आम्हांला त्या संध्याकाळी उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. सर्व मंडळी गेल्यावर आम्ही कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली आणि रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एका बाईने स्वतः जगून दिले आहे, असे आम्हांला दिसले. म्हणून हे चरित्र थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घर ब्राह्मणाचे, आणि सोवळे तर असे कडक की ऐकणाऱ्याला खरे वाटू नये. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यासच घेतला. कोणाचा स्पर्श, कोणाची सावली, बाजारातून आलेली वस्तू, या सर्वांचा त्यांना विटाळ होई. धुणे आणि शिंपडणे यातच त्या घरातल्या बायकांचे दिवस जात. लहान मनूने पाहिला तो धर्म हा असा होता. पुढे जे घडले ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. विटाळाची भीती तिला कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती. ती तिच्या अंगात भिनली होती.

अकरा-बारा वर्षांची असताना, १८८० साली, तिचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१चा, कोकणातल्या करजगावचा. वडील कठोर, आईवर मुलाचा फार जीव, आणि ती आई लवकरच देवाघरी गेली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे शिक्षण घेतले. बुद्धी तीव्र, वाणीला कवित्वाचा ओघ, आणि स्वभाव मात्र वाऱ्यासारखा. एका गावी नोकरी धरावी, ती सोडावी, कोणाला न सांगता निघून जावे, घरात पैसा आला की दारी आलेल्याला देऊन मोकळे व्हावे. राग आला तर भडका, आणि तो उतरला की लेकरासारखे डोळे भरून यावेत. अशा माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. पण ते हसत हसत लिहिले आहे, आणि वाचणारा टिळकांवर रागावण्याऐवजी त्यांच्यावर प्रेमच करू लागतो. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. जे अक्षरज्ञान झाले ते पतीच्या हाताखाली.

१८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. दोघांचे कवितेवर बोलणे झाले, धर्मावर झाले, आणि उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. टिळक ते पुस्तक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. पुढची दोन वर्षे त्यांच्या अंतःकरणात मोठी उलथापालथ झाली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण ख्रिस्ती लोक ही तारीख आनंदाने सांगतो, आणि आनंद मानण्यासारखीच ती आहे. पण त्या दिवशी दुसऱ्या एका घरात काय झाले, याचाही विचार केला पाहिजे. लक्ष्मीबाई त्या वेळी आपल्या माहेरच्या माणसांत होत्या. मुलगा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा. पती जिवंत असून त्यांचे घर मोडले होते. विधवा म्हणावे तर कपाळी कुंकू आहे, सवाष्ण म्हणावे तर पतीच्या घरी पाण्याचा घोट घेता येत नाही. नातेवाइकांना लाज, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विषय. त्या दुःखात त्यांच्या तोंडून पहिल्यांदा कविता निघाली. पुढे ज्या बाईंना महाराष्ट्राने लेखिका म्हणून मानले, त्यांच्या लेखणीचा उगम हा असा अश्रूंत आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न येथे विचारून पाहा. चूक कोणाची? टिळकांनी प्रभूची हाक ऐकली. ती त्यांनी ऐकायला नको होती असे आपण म्हणू शकत नाही. पण त्या पावलाची किंमत पत्नीला आणि लेकराला भरावी लागली, हेही खरे आहे. लक्ष्मीबाईंनी कुळाचा धर्म सोडला नाही. त्यांना ज्ञात असलेल्या देवाशी त्या प्रामाणिक राहिल्या. पण त्यामुळे पती एकटा पडला आणि बापाला मुलगा दुरावला. दोघेही आपापल्या परीने खरे होते आणि दोघांनीही एकमेकांना फार दुखविले होते.

साडेचार-पाच वर्षे ही ताटातूट चालली. लक्ष्मीबाई पंढरपूर आणि इतर ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. या वर्षांत त्यांनी एक गोष्ट केली, ती आम्हांला फार मोलाची वाटते. त्यांनी पत्रव्यवहार तोडला नाही. पत्नीचा राग, सासरवाडीचा संताप, भेटीतली कडू बोलणी, हे सर्व सोसून ते लिहीत राहिले, भेटायला जात राहिले. उतावळ्या माणसाने पाच वर्षे वाट पाहावी, हाच त्यांच्या नव्या जन्माचा मोठा पुरावा होय.

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला पतीकडे आल्या. पण त्या ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांनी आपले सोवळे बरोबर आणले होते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, भांडी वेगळी. ख्रिस्ती वस्तीत एक ब्राह्मण बाई आपली चूल मांडून राहिली, आणि तिचा ख्रिस्ती नवरा ते चालवून घेत होता! त्या काळी दोन्ही बाजूंच्या लोकांना हे विचित्र वाटले असेल. हिंदू आप्तांना वाटावे की ही बाटली. ख्रिस्ती मंडळीला वाटावे की ही आपल्याला कमी लेखते. टिळकांनी मात्र तिच्या चुलीला हात लावला नाही. बाप्तिस्म्यासाठी तिच्यावर बळजबरी केली नाही. तिनेही एक पाऊल टाकले होते, आणि ते लहान नव्हते. लोकांच्या बोलण्याची पर्वा न करता ती त्याच्या दाराशी आली होती.

वाचकहो, क्षमेची सुरुवात येथे झाली असे आम्हांला वाटते. कोण चुकले याचा निवाडा दोघांनी केला नाही. तो निवाडा होईपर्यंत थांबले असते, तर दोघेही वेगवेगळ्या गावी मरण पावले असते. वाद तसाच ठेवून ते एका छपराखाली आले, आणि बाकीचे काम त्यांनी देवावर सोडले.

देवाने ते काम कसे केले? नगर जिल्ह्यात मुळा नदीच्या काठी राहुरी हे लहान गाव आहे. तेथे मिशनचे ठाणे होते आणि डॉ. बॅलंटाइन यांचे वैद्यकीय काम चालत असे. टिळक कुटुंबाचा त्या गावाशी निकट संबंध आला. लक्ष्मीबाई तेथे ख्रिस्ती माणसांना जवळून पाहू लागल्या. ज्यांची सावली टाळायला त्या शिकल्या होत्या, तेच लोक दुखण्याबहाण्याला धावून येत. याच काळात एके दिवशी त्या एकट्या बसल्या असता त्यांच्या मनात विचार आला की, जातिभेद देवाने केला की माणसाने? पशूंत, पक्ष्यांत देवाने जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत तशी काही खूण त्याने ठेवलेली नाही. मग हा भेद माणसाचा आहे. एवढे मनाला पटताच त्यांनी ठरविले की, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. वडिलांच्या घरापासून अंगात भिनलेली भीती गेली. कोणी उपदेशक त्या वेळी समोर नव्हता, हे आम्हां उपदेशकांनी ध्यानात ठेवावे.

१९०० साली राहुरी येथे लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि दत्तूही मंडळीत आला. वेगळी चूल आपोआप विझली. ती विझवायला कोणाला जावे लागले नाही.

ते दुष्काळाचे दिवस होते. १८९९-१९००चा तो दुष्काळ जुन्या लोकांच्या तोंडी छप्पन्नचा दुष्काळ म्हणून राहिला. आईबाप मेलेली, टाकून दिलेली मुले रस्त्यावर भटकत होती. टिळक पतिपत्नींनी अशी मुले घरात घेतली. ज्या हातांनी कधी दुसऱ्याचा स्पर्श झाला म्हणून पाणी ओतून घेतले होते, त्याच हातांनी आता कोणत्या जातीचे पोर आहे हे न विचारता त्याचे डोके धुतले. घरात पैसा बेताचाच; पण ताटे वाढत राहिली.

हा स्वीकार फक्त एका बाजूचा नव्हता. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाची कविता गाजली. हेच पुढचे बालकवी. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले, आणि लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखे वागविले. तो ब्राह्मणाचा मुलगा हिंदूच होता आणि हिंदूच राहिला. आपल्या श्रद्धेसाठी ज्या घराला एवढे सोसावे लागले, त्याने दुसऱ्याच्या श्रद्धेला दार बंद केले नाही. पूर्वी टिळकांनी लक्ष्मीबाईंची चूल सांभाळली होती. आता दोघांनी मिळून दुसऱ्याचे मन सांभाळले.

पुढचे चरित्र वाचकांना ठाऊक आहेच. टिळक १९०४ साली दीक्षित पाळक झाले, १९१२पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले, आणि त्यांची गीते आजही आपल्या उपासनेत गाइली जातात. १९१७ साली त्यांनी संन्यास घेऊन मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांना जागा होती. राहुरीच्या त्या घरात जे त्यांनी पाहिले होते, तेच त्यांनी मोठे करून मांडले, असे आम्हांला वाटते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत, आणि अखेरचा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून ग्रंथरूपाने निघू लागली. १९३६ साली लक्ष्मीबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या.

‘स्मृतिचित्रां’ची थोरवी कशात आहे? आम्हांला वाटते, हिशेब न ठेवण्यात. ज्यांनी छळले, ज्यांनी टोचून बोलले, ज्यांनी वाळीत टाकले, ते सर्व त्या पुस्तकात आहेत. काहीही लपविलेले नाही. पण कोणाचाही सूड घेतलेला नाही. सोवळ्याने वेडे झालेले वडील, संतापी पती, रागावलेले नातलग, यांची चित्रे त्या हसत आणि मायेने काढतात, आणि सर्वांत जास्त हसतात ते स्वतःला. विसरणे म्हणजेच क्षमा, असे आपण म्हणतो. या बाईंना तर सगळे आठवत होते!

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. ही गोष्ट मुलांना सांगताना पहिल्याच दमात बाप्तिस्म्यापर्यंत धावू नका. दोन चुलींच्या घराशी थोडे थांबा. मुलांना विचारा की, त्या घरात पाणी कोण भरीत असेल, जेवताना दोघे कोठे बसत असतील, दत्तू कोणाच्या ताटात जेवत असेल. मुले आपल्याच घरातल्या अबोल्याकडे वळतील, आणि मग क्षमेचा धडा फळ्यावर लिहावा लागणार नाही.

पुढच्या बुधवारी आम्ही हेच चरित्र आमच्या बैठकीत सांगितले. प्रश्न विचारणारी मुलगी पुढेच बसली होती. ते दोघे भाऊही आले होते, नेहमीप्रमाणे दोन टोकांना. ते अजून बोलत नाहीत; खोटे कशाला सांगा. पण प्रार्थना चालू असता पावसाची सर आली, आणि डोळे उघडून पाहतो तो धाकटा उठून गेला होता. ओट्यावर भिजत असलेल्या चपला तो आत आणून ठेवीत होता. त्यांत थोरल्याच्याही होत्या, आणि थोरल्याने ते पाहिले होते. आपल्या मंडळीतील दुरावलेल्या घरांना एवढे एकेक लहान पाऊल टाकण्याचे धैर्य प्रभू देवो, आणि बाकीचे काम तोच पुरे करो.