मंडालेतील सातूचे पीठ

लोकमान्य टिळकांचे नाव निघाले की केसरी, गणेशोत्सव आणि मंडाले आठवते. त्यांना मधुमेह होता, हे मात्र क्वचितच कुणी सांगते.

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेले टिळक लहानपणी किरकोळ प्रकृतीचे होते. डेक्कन कॉलेजात आल्यावर पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा तालमीला दिले आणि शरीर कमावले. त्या कमाईवर पुढची बरीच वर्षे निघाली. मग बैठे काम, जागरणे, खटल्यांची काळजी. १८९७ च्या शिक्षेत तुरुंगाच्या अन्नाने प्रकृती खालावली. मधुमेह नेमका केव्हा शिरला, याची तारीख कुठून मिळणार? हा आजार दार वाजवून येत नाही. वारंवार तहान, रात्री लघवीला उठणे, विनाकारण थकवा, धूसर दिसणे, पायाला मुंग्या, लवकर न भरणारी जखम अशा खुणा तो सोडतो. माणूस त्या वयाच्या किंवा कामाच्या नावावर टाकतो. काहींना तर वर्षानुवर्षे एकही खूण जाणवत नाही.

रमजानमध्ये या खुणा ओळखणे आणखी अवघड जाते. परभणीच्या उन्हात रोजा असला की घसा कोरडा पडणारच आणि दुपारी गळून गेल्यासारखे होणारच. पण इफ्तारला पोटभर पाणी पिऊनही तहान भागत नसेल आणि तरावीहपासून सहेरीपर्यंत चार-पाच वेळा उठावे लागत असेल, तर दोष रोजाला देऊ नये. रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टर दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची अवस्था. बोटाला सुई टोचून केलेल्या तपासणीने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक आलिम सांगतात.

जुलै १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे होते. जामीन मिळाला नाही. वयाची बावन्न वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, २२ जुलैला, सहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रह्मदेशातील मंडालेच्या लाकडी कोठडीत ते पोहोचले, तेव्हा मधुमेह सोबत होता. औषध म्हणावे असे जगात काही नव्हते. जेवण बदलणे एवढाच इलाज. टिळकांनी गहू आणि तांदूळ सोडला, सातूचे पीठ धरले. स्वयंपाकाला वासुदेव कुलकर्णी हा कैदी होता. कोकणात जन्मलेल्या माणसाने भात सोडणे ही साधी गोष्ट नव्हे. याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य पेन्सिलीने लिहून झाले.

सातूत जादू होती असे नाही, आणि आपल्या ज्वारीच्या भाकरीतही नाही. भाकरीनेही साखर वाढते. किती खाल्ली, सोबत काय खाल्ले, यावर सगळे अवलंबून. इफ्तारला सरबत, जिलेबी आणि भज्यांची परात एकाच बैठकीत संपवणाऱ्याला भाकरी वाचवणार नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळ्या-इन्सुलिनची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले, तर रोजा लगेच सोडावा. आजाऱ्याला सूट कुराणानेच दिली आहे.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले. १९१६ मध्ये पुन्हा खटला झाला. या वेळी जिनांनी हायकोर्टात त्यांना सोडवले. त्याच डिसेंबरात लखनौ करार झाला आणि हिंदू-मुस्लिम पुढारी एका मागणीवर आले. पुढे ते विलायतेलाही जाऊन आले. मधुमेह होता, तरी इन्सुलिनशिवाय ते बारा वर्षे जगले आणि झटले. यावरूनच आजच्या भाषेत त्यांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असावा, असे म्हणता येते. पहिल्या प्रकारात त्या काळी रोगी इतकी वर्षे तगत नसे.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले. तिरडीला खांदा देणाऱ्यांत गांधीजींबरोबर मौलाना शौकत अली होते. पुढच्या वर्षी टोरांटोत इन्सुलिन सापडले, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका रुग्णाला टोचले गेले. तो चौदा वर्षांचा मुलगा होता.