नऊ दिवसांचा एक फोटो

रील दोन सेकंद अडकली तरी तुमची चिडचिड होते ना? मग हे वाचा. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सुरुवातीच्या प्रयोगात एका चित्रासाठी मोजमाप घ्यायलाच तब्बल ९ दिवस लागले होते!

१९१९ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेलं हे शेंडेफळ. पोरगा गवताच्या गंजीवरून घरी बनवलेल्या ग्लायडरने उडायला बघायचा. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात रडार शिकला आणि इतरांना शिकवलंही. पुढे लंडनच्या फॅराडे हाउसमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. युनिव्हर्सिटीची डिग्री नाहीच. ‘डिप्लोमावाला’ म्हणून तुम्हाला कुणी हिणवलं असेल, तर हे नाव लक्षात ठेवा.

ईएमआय कंपनीत असताना, १९६७ मध्ये त्यांना एक कल्पना सुचली. एखाद्या वस्तूतून सगळ्या बाजूंनी क्ष-किरण सोडायचे, पलीकडे किती पोचले ते मोजायचं आणि आकडे कॉम्प्युटरला द्यायचे. मग न कापताही आतलं चित्र मिळेल! तेव्हा साध्या एक्स-रेत कवटी दिसायची, मेंदू नाही. गाठ शोधायला मेंदूभोवतीचं पाणी काढून तिथे हवा भरायचे. पेशंटचं डोकं भयंकर दुखायचं.

१ ऑक्टोबर १९७१. लंडनचं ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटल. एका महिलेच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. स्कॅनमध्ये ती स्पष्ट दिसली आणि ऑपरेशनमध्ये तिथेच सापडली.

तरी एक अडचण उरली. काही गाठींचा करडा रंग आजूबाजूच्या मेंदूसारखाच यायचा. मग त्यांचे सहकारी, रेडिओलॉजिस्ट जेम्स ॲम्ब्रोझ यांनी शिरेतून आयोडीन असलेलं औषध देऊन पाहिलं. आयोडीन क्ष-किरण अडवतं. मेंदूच्या निरोगी रक्तवाहिन्या ते बाहेर पडू देत नाहीत, पण अनेक गाठींमध्ये ते झिरपतं. म्हणून गाठ उजळते. यालाच आपण ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतो.

आज श्वास रोखून धरता तेवढ्या वेळात पूर्ण पोट स्कॅन होतं. त्यामुळे औषध धमन्यांत असताना एकदा आणि शिरांत पोचल्यावर पुन्हा चित्र घेता येतं. यकृतातली गाठ कधी उजळते, कधी फिकी पडते, यावरून ती कसली असेल याचा अंदाज येतो. स्कॅनला ९ दिवस लागत राहिले असते, तर हे शक्यच नव्हतं.

१९७९ मध्ये हाउन्सफिल्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. २००४ मध्ये ते गेले. पण घरच्या कुणाच्या सीटी रिपोर्टवर ‘एचयू’ दिसलं, तर थांबा. ते ‘हाउन्सफिल्ड युनिट’ आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००. शेतकऱ्याच्या त्या डिप्लोमावाल्या पोराचं नाव आता मोजमापच झालंय.