सम्राट अशोक आणि गळाला लागलेला मासा

हौसेखातर गळ टाकावा, लागलेला मासा क्षणभर न्याहाळावा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, ही आज जगभर सभ्य करमणूक मानली जाते. मासा जिवंत परत जातो, मग त्यात हानी कोणती, असा हौशी मंडळींचा सवाल असतो. या सवालाचा विचार करताना सम्राट अशोकाचे चरित्र आठवल्यावाचून राहत नाही.

अशोक इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास गादीवर आला. मृगया हा तेव्हाच्या राजांचा कुलाचारच होता. राजाच्या पाकशाळेसाठी पूर्वी रोज अगणित प्राणी मारले जात, ही गोष्ट त्याने स्वतःच शिळेवर कोरून ठेवली आहे. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीला लागली. त्या संहाराने त्याचे मन पालटले.

हा पालट केवळ उपदेशापुरता राहिला नाही. त्याचा आरंभ राजाच्या स्वतःच्या मौजेपासून झाला. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर त्याने बोधिवृक्षाचे दर्शन घेतले. पुढे शिकारीच्या सहली बंद होऊन त्यांच्या जागी धर्मयात्रा आल्या. ही हकीकत सांगणाऱ्या आठव्या आज्ञालेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रात, सोपारा येथे, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. कंदाहारच्या द्विभाषिक लेखावरून तर राजाच्या पारध्यांनी आणि कोळ्यांनीही आपले काम सोडले होते, असे कळते.

प्रजेच्या बाबतीत मात्र त्याने निराळा विचार केला. राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात काही मासे आणि कासवे अवध्य ठरविली आहेत. इतर माशांना ठराविक तिथींना मारू नये व विकूही नये, असा दंडक आहे. अभ्यासकांच्या हिशेबाने हे दिवस वर्षाकाठी सुमारे ५६ भरतात. उरलेल्या दिवशी कोळ्याचा धंदा चालू राही. एका जिवावर दुसरा जीव पोसू नये, असेही त्याच लेखात सांगितले आहे. गळाला जिवंत गांडूळ लावणाऱ्याने याचा विचार करावा. इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास अशोक निवर्तला. त्याचे साम्राज्य पुढे अर्धशतकाच्या आसपास टिकले, त्याचे लेख मात्र आजही उभे आहेत.

अशोकापाशी मज्जाशास्त्र नव्हते. ते आज आपल्यापाशी आहे. २००३ साली लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा जाणणाऱ्या मज्जातंतूंची नोंद केली. ओठात आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि त्यांनी अन्न टाकले. माशाच्या मेंदूत मानवासारखे बाह्यक नसल्याने या वर्तनाला वेदना म्हणता येणार नाही, असा आक्षेप काही शास्त्रज्ञ घेतात. हा वाद मिटलेला नाही. तथापि संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, हा प्रश्न शास्त्राचा नसून नीतीचा आहे. स्वित्झर्लंडने २००८ साली तो माशाला दिला आणि सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरण्यास मनाई केली.

मासा सोडून दिल्याने पाण्यातील माशांची संख्या टिकते, हे खरे. हौशी मंडळींच्या आस्थेमुळे काही जलाशयांची राखणही होते. पण हे उत्तर मरणापुरते झाले. टोचलेल्या गळाचे आणि पाण्याबाहेर गुदमरण्याचे उत्तर त्यात नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे लाभ एकाच्या पदरात पडतो आणि किंमत दुसरा मोजतो, आणि त्या दुसऱ्याला व्यवहार नाकारण्याची सोय नसते.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या किंवा सीना-कोळेगावच्या जलाशयात जाळे टाकणाऱ्या भोयाला या वादात आरोपी करण्याचे कारण नाही. त्याच्या जाळ्यावर घर चालते. अवर्षणात तळे आटले की पहिला घास त्याचाच जातो. अशोकानेही पोटासाठी मासे धरणाऱ्याचे जाळे हिरावून घेतले नाही. त्याला काही दिवसांचा संयम तेवढा सांगितला. मौज मात्र त्याने स्वतःची, आणि ती सर्वांत आधी, सोडली. आज सुटीच्या दिवशी गळ घेऊन तळ्याकाठी जाणाऱ्याने आपण कोळ्याच्या बाजूला बसतो की शिकारी राजाच्या, एवढे स्वतःला विचारावे.