जॉन नॉर्थवूड : हरवलेल्या काचकलेचा शोधक

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ‘पोर्टलंड व्हाज’ हा रोमन कलश सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. गर्द निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर चढवायचा आणि तो थर कोरत जाऊन निळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र मानवाकृती उठावात आणायच्या, हे त्यामागचे कसब पुढे लोप पावले. जोसाया वेजवूड यांनी १७९० च्या सुमारास या कलशाची गाजलेली प्रतिकृती केली, परंतु ती मातीची. काचेच्या कलशाला काचेतच पुन्हा जन्म देण्याचा मान जॉन नॉर्थवूड यांच्याकडे जातो.

नॉर्थवूड यांचा जन्म १८३६ चा, इंग्लंडमधील स्टोअरब्रिजजवळच्या वर्डस्ली गावातला. हा सारा परिसर काचेच्या भट्ट्यांचा. बालवयातच ते रिचर्डसन यांच्या कारखान्यात काचेवरील नक्षीकाम शिकू लागले. पुढे भाऊ जोसेफ यांच्यासह त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली आणि आम्लाने काच कोरण्याच्या तंत्रात नाव कमावले. तरीही त्यांचा ओढा हातकामाकडेच होता. ग्रीसमधील पार्थेनॉनच्या शिल्पपट्टावरील घोडेस्वार कोरलेला ‘एल्गिन व्हाज’ त्यांनी १८७३ मध्ये पूर्ण केला. त्या एका पात्राने त्यांची सुमारे नऊ वर्षे घेतली!

जुने मालक बेंजामिन रिचर्डसन यांनी पोर्टलंड कलशाची काचेतील प्रतिकृती करणाऱ्यास एक हजार पौंड देऊ केले होते. नॉर्थवूड यांचे नातलग फिलिप पार्जेटर यांनी आपल्या भट्टीत दुहेरी थराचे पात्र फुंकवून घेतले. हे कामही सोपे नव्हते. थंड होताना दोन्ही काचा सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत, तर पात्र आपोआप तडकते. पांढऱ्या थराचा नको असलेला मोठा भाग आम्लाने काढून टाकल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. टोकदार पोलादी कोरण्यांनी कणाकणाने काच खरवडायची. पांढरा थर जितका पातळ, तितकी खालची निळाई त्यातून झिरपते आणि वस्त्राची चुणी किंवा देहाची सावली साधते. एक चुकीचा ओरखडा पुसता येत नाही.

काम सुरू असताना या पात्राला तडा गेला. थंडीच्या दिवसात हाताच्या उबेने तो गेला, असे सांगितले जाते. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. नॉर्थवूड यांनी पात्र जोडून घेतले आणि कोरणी पुन्हा हाती धरली. तीन वर्षांच्या श्रमांनंतर १८७६ मध्ये प्रतिकृती सिद्ध झाली. योगायोग असा, की मूळ कलशही अखंड नव्हता. १८४५ मध्ये एका माथेफिरूने त्याचे तुकडे केले होते आणि पुढे ते सांधण्यात आले होते.

नॉर्थवूड यांनी नंतर ‘मिल्टन’ आणि ‘पेगॅसस’ हे स्वतंत्र रचनेचे कलश कोरले. त्यांच्याकडे उमेदवारी केलेल्या वूडॉल बंधूंनी ही कला आणखी नावारूपाला आणली. मात्र मागणी वाढली तशी घाई आली. आम्ल आणि फिरती चाके कोरणीची जागा घेऊ लागली आणि शतक सरता सरता ही लाट ओसरली. १९०२ मध्ये नॉर्थवूड यांचे निधन झाले. तडा गेलेली ती प्रतिकृती पुढे अमेरिकेतील कॉर्निंग काचसंग्रहालयात दाखल झाली.